खाशाबा जाधव : लंडनला ५२ किलो, हेलसिंकीला ५७ किलो आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक

ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिक सुरू होतं आणि आपल्याकडे जो तो एकाच विषयावर बोलत होता. तो विषय म्हणजे वजन.

७ ऑगस्टला विनेश फोगट ५० किलो गटाच्या फायनलआधी १०० ग्रॅम जास्त भरली आणि थेट बाद झाली. दोनच दिवसांनी २१ वर्षांच्या अमन सेहरावतने ५७ किलो गटात ब्रॉन्झ जिंकलं. सेमीफायनल हरल्यावर त्याने रातोरात साडेचार किलोहून जास्त वजन कसं उतरवलं, याच्या बातम्या आल्या. त्याच्या आठवडाभर आधी, १ ऑगस्टला, कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत ब्रॉन्झ घेतलं होतं. तेव्हापासूनच एक जुनं नाव सगळीकडे फिरायला लागलं होतं.

ते नाव म्हणजे खाशाबा जाधव.

कारण महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला तब्बल ७२ वर्षं लागली होती. त्याआधीचं पदक खाशाबांचं होतं. आणि ते पदक आलं होतं कुस्तीच्या ५७ किलो गटात. म्हणजे जो गट अमनचा, तोच खाशाबांचा.

पण खाशाबांची गोष्ट ५७ किलोपासून सुरू होत नाही. चार वर्षं आधी ते वेगळ्याच गटात, ५२ किलोत लढले होते. खालच्या गटात जगात सहावा आणि वरच्या गटात जगात तिसरा, असा हा प्रवास आहे. तो झाला कसा, त्यात अडचणी काय आल्या आणि एवढं करून पदरात काय पडलं, हे समजून घेऊ.

आधी वजनगटाचं गणित समजून घ्या

कुस्ती, बॉक्सिंग, ज्युदो, किकबॉक्सिंग अशा अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत वजनगट असतात. कारण साधं आहे. दोघांचं कौशल्य सारखं असेल, तर जड माणूस हलक्याला दाबतो. म्हणून सारख्या वजनाच्या माणसांनाच एकमेकांसमोर उभं करायचं.

यात सगळ्यात अवघड काय, तर एका गटात यश मिळवून पुन्हा दुसऱ्या गटात जाऊन यश मिळवणं. गट वर गेला की समोरचे सगळे जण उंच, जड आणि ताकदवान असतात. म्हणूनच असं करणाऱ्यांचं नाव होतं. बॉक्सिंगमध्ये फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओने आठ वेगवेगळ्या वजनगटांत जागतिक किताब घेतले. किकबॉक्सिंगमध्ये जपानच्या ताकेरू सेगावाने के-वन या संघटनेचे ५५, ५७.५ आणि ६० किलो अशा तीन गटांचे किताब जिंकले.

ताकेरूच्या गटांमधलं अंतर बघा, अडीच अडीच किलोचं आहे. खाशाबांना मात्र एकाच उडीत पाच किलो वर जावं लागलं. ५२ किलोच्या माणसासाठी पाच किलो म्हणजे अंगाच्या वजनाचा जवळपास दहावा हिस्सा.

त्या काळी ऑलिंपिकच्या फ्रीस्टाइल कुस्तीत आठ गट होते. सगळ्यात खालचा ५२ किलोचा फ्लायवेट. त्याच्यावर ५७ किलोचा बँटमवेट. पुढे ६२, ६७, ७३, ७९, ८७ आणि त्यावरचे सगळे.

खाशाबा या शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवरचे पैलवान होते.

गोळेश्वरचं पोरगं

सातारा जिल्ह्यात कराडला लागूनच गोळेश्वर नावाचं गाव आहे. कृष्णा आणि कोयना या नद्या जिथे मिळतात, तो हा मुलुख. १५ जानेवारी १९२६ ला इथे दादासाहेब जाधवांच्या घरी खाशाबांचा जन्म झाला. पाच भावांत हे सगळ्यात धाकटे.

वडील स्वतः पैलवान होते. त्यामुळे पोराला तालमीत कोणी घालायचं, हा प्रश्नच नव्हता. वयाच्या पाचव्या वर्षी वडिलांनीच त्यांना मातीत उतरवलं. शेतातलं काम, शाळा आणि तालीम हा दिवसाचा क्रम ठरून गेला. पुढे कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण सुरू झालं.

तो काळही साधा नव्हता. १९४२ ला चले जाव चळवळ सुरू झाली आणि सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. इंग्रजांचे पोलीस भूमिगत कार्यकर्त्यांच्या मागावर गावोगाव फिरत होते. शाळकरी खाशाबाही यात मागे नव्हते. भूमिगतांना आसरा देणं, चळवळीची पत्रकं पोहोचवणं अशी कामं त्यांनी केली.

देश स्वतंत्र झाला तेव्हा ते २१ वर्षांचे होते. तोवर त्यांच्या डोक्यात ऑलिंपिक शिरलं होतं.

कोल्हापूरची माती आणि परदेशातली मॅट

शिकायला आणि कुस्तीला खाशाबा कोल्हापूरला आले. राजाराम कॉलेजात प्रवेश घेतला. कुस्तीसाठी कोल्हापूरइतकी दुसरी योग्य जागा त्या काळी शोधून सापडली नसती. राजर्षी शाहू महाराजांनी देशभरातले मल्ल इथे आणून पोसले होते, तालमींना आधार दिला होता आणि खासबागसारखं कुस्तीचं मैदान बांधलं होतं. खासबाग १९१२ मध्ये सुरू झालं आणि आजही तिथे फड रंगतात.

पण या सगळ्या वैभवात एक अडचण होती. गावजत्रेच्या आणि इनामाच्या कुस्तीत नाव व्हायचं ते प्रामुख्याने आडदांड, जड पैलवानांचं. शेवटची, मोठ्या इनामाची कुस्ती त्यांचीच. तिथे जोड लावली जाते ती नजरेने आणि नावाने, वजनकाट्यावर ग्रॅम मोजून नाही. खाशाबा अंगाने लहान. चपळाई जबरदस्त, डाव झटक्यात टाकायचे, ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. पुढे त्यांना पॉकेट डायनॅमो हे टोपणनाव मिळालं ते यामुळेच. पण या चणीच्या पैलवानाला मातीत मोठा मान मिळवणं अवघड होतं.

ऑलिंपिकमध्ये मात्र ५२ किलोच्या माणसाची गाठ ५२ किलोच्या माणसाशीच पडते. लहान चणीच्या पैलवानासाठी जगाचं दार उघडलं ते वजनगटाने.

फक्त त्या दारातून आत गेल्यावर खेळच बदलायचा.

मातीतली कुस्ती म्हणजे चितपट. समोरच्याची पाठ मातीला लागली की निकाल. जोड सारखी असली तर कुस्ती बराच वेळ चालायची. फ्रीस्टाइल कुस्ती मॅटवर होते. वेळ ठरलेली, तेव्हा १५ मिनिटांची. चितपट झाली तर उत्तमच, नाहीतर कोणी जास्त चांगली कुस्ती केली ते पंच ठरवणार. मातीत पाय रोवता येतो, मॅटवर पकड वेगळी बसते. मातीत अंगावर माती टाकून पकड घट्ट करतात, मॅटवर घामाने निसटणाऱ्या अंगाला धरायचं असतं. थोडक्यात, मातीत मुरलेल्या पैलवानाला मॅटवर अर्धी कुस्ती नव्याने शिकावी लागते.

कोल्हापुरात बाबूराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी या वस्तादांनी त्यांची तयारी करून घेतली. पण मॅटचा सराव जवळपास नव्हताच.

लंडन १९४८ : ५२ किलो

१९४८ ला लंडनमध्ये ऑलिंपिक होतं. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक झालीच नव्हती, त्यामुळे बारा वर्षांनी जग एकत्र येत होतं. स्वतंत्र देश म्हणून भारताचंही हे पहिलंच ऑलिंपिक.

खाशाबांची निवड झाली. जाण्याच्या खर्चाला कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. ऑलिंपिकच्या तयारीत रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना मॅटवरच्या कुस्तीचे आणि तिथल्या नियमांचे धडे दिले. एवढ्या अपुऱ्या तयारीवर २२ वर्षांचे खाशाबा फ्लायवेट गटात उतरले.

त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला हरवलं. अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरवलं. मग इराणचा मन्सूर रईसी समोर आला आणि तिथे खाशाबांचा प्रवास थांबला. त्यांचा नंबर आला सहावा. 

आज सहावा नंबर म्हटलं की बातमी दोन ओळीत संपते. पण विचार करा, ज्या माणसाने आयुष्यभर मातीत कुस्ती केली, तो थोडक्या दिवसांच्या मॅट सरावावर जगात सहावा आला होता. थोडा जास्त सराव मिळाला तर काय होईल, हे गणित खाशाबांनाही कळलं होतं.

चार वर्षांची तयारी आणि पाच किलोची उडी

पुढचं ऑलिंपिक १९५२ ला फिनलंडमधल्या हेलसिंकीला होतं. खाशाबा २२ चे २६ होणार होते. हे वय असं असतं की अंग भरत जातं, हाडापेरात ताकद येते. अशा वेळी खालच्या गटात राहायचं तर पोटाला चिमटा काढून वजन धरून ठेवावं लागतं. वरच्या गटात जायचं तर खुराक वाढवता येतो, पण समोरचा गडी मुळातच जड असतो. दोन्हीकडे काहीतरी गमवावं लागतं.

खाशाबा हेलसिंकीला उतरले ते वरच्या गटात, म्हणजे ५७ किलोच्या बँटमवेटमध्ये. यात मेहनत होती ती जोर-बैठकांची, दोर चढण्याची, धावण्याची आणि रोजच्या लढतींची. आजच्यासारखा आहारतज्ज्ञ, फिजिओ किंवा विरोधकाचे व्हिडिओ बघून तयारी करून देणारी टीम त्यांच्याकडे नव्हती.

पण मॅटपर्यंत पोहोचण्याआधी त्यांना दोन कुस्त्या मॅटबाहेर कराव्या लागल्या.

पहिली निवडीची. निवडीसाठीच्या लढतीत बंगालच्या निरंजन दासकडून खाशाबा एका गुणाने हरले, असं जाहीर झालं. हा निकाल त्यांना मान्य नव्हता. आपल्यावर अन्याय झालाय असं त्यांचं म्हणणं होतं. गप्प बसण्याऐवजी त्यांनी थेट पतियाळाचे महाराज यादविंदर सिंह यांच्याकडे दाद मागितली. हे महाराज स्वतः क्रिकेटपटू आणि तेव्हा भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष. त्यांनी पुन्हा लढत लावून दिली. या वेळी खाशाबांनी निकाल पंचांच्या हातात ठेवलाच नाही. प्रतिस्पर्ध्याला चितपट करून त्यांनी हेलसिंकीचं तिकीट पक्कं केलं.

तिकीट पक्कं झालं, पण ते काढायला पैसे नव्हते. ही दुसरी कुस्ती.

सात हजार रुपये आणि गहाण ठेवलेलं घर

आज ऑलिंपिकला निवड झालेल्या खेळाडूचा विमानखर्च, राहणं, प्रशिक्षक हे सगळं सरकार आणि क्रीडा संघटना बघतात. तेव्हा खेळाडूलाच पैशांची सोय करावी लागत होती.

मोरारजी देसाई तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांच्याकडे मदतीची मागणी झाली, पण स्पर्धा झाल्यावर बघू अशा अर्थाचं उत्तर मिळाल्याचं सांगितलं जातं. स्पर्धेला जायलाच पैसे हवे होते, स्पर्धेनंतर ते काय कामाचे?

मग गावानेच मनावर घेतलं. घरच्यांनी आणि गोळेश्वरच्या लोकांनी दारोदार जाऊन वर्गणी मागितली. कोणी रुपया दिला, कोणी जमेल तेवढं दिलं. तरी आकडा पुरेना.

तेव्हा पुढे आले राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर. त्यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवलं आणि सात हजार रुपये उभे केले.

जरा थांबून हे पुन्हा वाचा. एका प्राचार्याने आपल्या जुन्या विद्यार्थ्यासाठी राहतं घर गहाण टाकलं. पदक येईल याची कुठलीही खात्री नव्हती. चार वर्षांपूर्वीचा सहावा नंबर एवढाच काय तो पुरावा. शिवाय या वेळी पोरगा पाच किलो वरच्या गटात लढणार होता.

या पैशांवर खाशाबा हेलसिंकीला पोहोचले.

हेलसिंकी १९५२ : ५७ किलो

हेलसिंकीचं ऑलिंपिक तगडं होतं. सोव्हिएत युनियन पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये उतरलं होतं आणि कुस्तीत त्यांचे पैलवान जबरदस्त तयारीने आले होते. महायुद्धामुळे १९४८ ला बोलावणं न मिळालेला जपानही परत आला होता.

तेव्हाच्या कुस्तीत एक हार झाली की लगेच बाद, असा नियम नव्हता. प्रत्येक लढतीनंतर दंडाचे गुण मिळायचे. चितपट जिंकलात तर शून्य दंड, पंचांच्या निर्णयावर जिंकलात तर थोडा दंड, हरलात तर जास्त. ठरावीक दंड साठला की बाहेर. त्यामुळे नुसतं जिंकून चालत नव्हतं, चितपट जिंकण्याला भाव होता. आणि चितपट करणं हेच तर मातीतल्या पैलवानाला लहानपणापासून शिकवलेलं असतं.

खाशाबांनी पहिल्या लढतीत कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला चितपट केलं. दुसऱ्या लढतीत मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोचीही पाठ लावली. त्यानंतर जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला हरवलं. ५७ किलोचा गट त्यांना झेपेल का, ही शंका इथेच मिटली.

मग पदकाच्या लढती आल्या. समोर दोघे जण. जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत युनियनचा रशीद मामेदबेकोव.

इशी मूळचा ज्युदोचा खेळाडू. युद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर बंधनं आली आणि तो कुस्तीकडे वळला. त्याच्याशी खाशाबांची कुस्ती शेवटपर्यंत चालली आणि निकाल अगदी थोडक्या फरकाने इशीकडे गेला. मामेदबेकोवविरुद्धच्या लढतीची हकीकत तर आजही कुस्तीच्या फडात सांगितली जाते. दमवणाऱ्या लढतीनंतर खाशाबांना लगेच पुन्हा मॅटवर बोलावलं गेलं. दोन लढतींमध्ये निदान अर्धा तास विश्रांती मिळायला हवी, असा नियम होता. पण तो नियम दाखवून आक्षेप घ्यायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा तसेच लढले आणि हरले.

गोल्ड इशीला मिळालं. हेलसिंकीत जपानला मिळालेलं हे एकमेव गोल्ड. सिल्व्हर मामेदबेकोवला. आणि ब्रॉन्झ खाशाबा दादासाहेब जाधव यांना.

तारीख होती २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने जिंकलेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याआधी १९०० ला पॅरिसमध्ये नॉर्मन प्रिचार्डने भारताच्या नावावर दोन सिल्व्हर घेतली होती, पण तो काळ इंग्रजांच्या राज्याचा होता.

याच हेलसिंकीत कोल्हापूरचेच केशव माणगावे ६२ किलो गटात लढले आणि त्यांचा नंबर आला चौथा. म्हणजे एकाच ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या तालमीतले दोन पैलवान जगातल्या पहिल्या चारांत होते. दुसरं पदक अगदी थोडक्यात हुकलं.

१५१ बैलगाड्यांची मिरवणूक

दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, भारतीय हॉकी संघाने नेदरलँड्सला ६-१ असं हरवून गोल्ड जिंकलं. बलबीर सिंग यांनी एकट्याने पाच गोल मारले. देशभर कौतुक झालं ते हॉकीचं. हॉकीतलं गोल्ड आपल्या ओळखीचं होतं, कुस्तीतल्या ब्रॉन्झचं महत्त्व फार जणांना उमगलं नाही.

कराड भागाला मात्र ते बरोबर कळलं. खाशाबा कराडला उतरले तेव्हा स्वागताला १५१ बैलगाड्या सजवून आणल्या होत्या. ढोल, लेझीम, हलगी, फटाके. एरवी थोड्या वेळात संपणारी गोळेश्वरची वाट त्या दिवशी चालली तब्बल सात तास.

आणि मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केलं?

त्यांच्या डोक्यात प्राचार्यांचं गहाण पडलेलं घर होतं. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतःही लढले आणि त्यातून आलेल्या पैशांतून खर्डेकरांचं घर सोडवून दिलं. ऑलिंपिक पदक मिळवलेल्या माणसाचं पदकानंतरचं पहिलं मोठं काम कर्ज फेडण्याचं होतं.

पोलिसाची नोकरी आणि थांबलेली कुस्ती

आज ऑलिंपिक पदक मिळालं की कोट्यवधींची बक्षिसं, क्लास वन नोकरी, जाहिराती. खाशाबांच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. १९५५ मध्ये, पदकानंतर तीन वर्षांनी, ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून भरती झाले.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची त्यांची तयारी सुरू होती. वय तिशीचं. पण गुडघ्याच्या दुखापतीने घात केला आणि तिसरं ऑलिंपिक हुकलं. ५२ आणि ५७ किलो अशा दोन गटांत जगाशी भिडलेल्या पैलवानाची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथेच संपली.

खात्यात त्यांनी नोकरी इमानेइतबारे केली, पोलिसांच्या स्पर्धा गाजवल्या, नव्या मुलांना शिकवलं. असिस्टंट पोलीस कमिशनर म्हणून ते निवृत्त झाले. पण निवृत्तीनंतर पेन्शनसाठीही त्यांना झगडावं लागलं आणि शेवटची वर्षं पैशांच्या ओढाताणीत गेली.

१९८२ ला दिल्लीत एशियन गेम्स झाले. त्या मशालीच्या दौडीत त्यांना मान मिळाला. हयातीत देशाने त्यांची घेतलेली ही एक मोठी दखल.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८४ ला, रस्ते अपघातात त्यांचं निधन झालं. वय ५८.

गेल्यानंतर आलेले पुरस्कार

खाशाबांना मिळालेल्या सन्मानांची यादी बघितली तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. बहुतेक सगळं ते गेल्यावर मिळालं.

- महाराष्ट्राचा शिवछत्रपती पुरस्कार १९९२-९३ मध्ये, मरणोत्तर.
- अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ ला. तो सुरू असताना खाशाबा तेवीस वर्षं जिवंत होते. त्यांना तो मिळाला निधनानंतर सोळा-सतरा वर्षांनी.
- दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्ती स्टेडियमला त्यांचं नाव मिळालं ते २०१० च्या कॉमनवेल्थ गेम्सच्या वेळी.
- १५ जानेवारी २०२३ ला, त्यांच्या ९७ व्या जयंतीला, गुगलने त्यांचं डूडल केलं. अनेक तरुणांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा.
- त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

पद्म पुरस्कार मात्र त्यांना हयातीत मिळाला नाही. तो मरणोत्तर द्यावा म्हणून कुटुंबाने अनेक वर्षं पाठपुरावा केला. गोळेश्वरमध्ये त्यांच्या नावाने कुस्ती संकुल उभारण्याची घोषणाही झाली होती. ते काम रखडलं म्हणून २०१७ मध्ये घरच्यांनी थेट ते ब्रॉन्झ पदक लिलावात काढायची तयारी दाखवली. देशाच्या पहिल्या वैयक्तिक पदकाची बोली लावून तालीम बांधायची, असा तो विचार होता. तेव्हा कुठे पुन्हा या विषयावर चर्चा झाली.

मग पुढचं पदक यायला ४४ वर्षं का लागली?

खाशाबांनंतर भारताचं पुढचं वैयक्तिक पदक आलं १९९६ ला, अटलांटामध्ये, लिएंडर पेसच्या टेनिसमधून. मधे ४४ वर्षं गेली. कुस्तीतलं पुढचं पदक तर २००८ ला बीजिंगमध्ये सुशील कुमारने जिंकलं. म्हणजे ५६ वर्षांनी. आणि महाराष्ट्राला ७२ वर्षं थांबावं लागलं, ते वर सांगितलंच.

या काळात आपल्याकडे ताकदीचे पैलवान नव्हते असं कोण म्हणेल? कोल्हापूर, सांगली, सातारा, पुण्याच्या तालमी भरलेल्या होत्या. महाराष्ट्र केसरीचं मैदान बघायला हजारो लोक लोटत होते. कमी होती ती मॅटची, त्या मॅटवर शिकवणाऱ्या प्रशिक्षकाची, परदेशात लढायला लागणाऱ्या पैशांची आणि खेळाडूच्या बाजूने नियमपुस्तक उघडून बोलणाऱ्या अधिकाऱ्याची.

खाशाबांच्या आयुष्यात या चारही गोष्टी नव्हत्या. मॅट मिळाली ती ऐनवेळी. पैसे आले ते घर गहाण ठेवून. निवडीसाठी दाद मागावी लागली. आणि हेलसिंकीत आक्षेप घ्यायला कोणी नव्हतं. तरीही पदक आलं, म्हणून ही गोष्ट आपण जिद्दीची कहाणी म्हणून सांगतो. ती जिद्दीची आहेच. पण दर वेळी जिद्दीवर भागत नाही, हे मधली ४४ वर्षं सांगतात.

वजनगटाने एक काम केलं. काट्यावर खाशाबा आणि इशी सारखे होते, त्यामुळे गोळेश्वरचा लहान चणीचा पैलवान जपानच्या चॅम्पियनशी बरोबरीने लढू शकला. पण कोणाच्या मागे किती तयारी, किती पैसा आणि किती माणसं आहेत, हे तो काटा मोजत नाही. खाशाबांना दुसऱ्या लढतीआधी अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली असती, तर पदकाचा रंग वेगळा असता का, यावर कुस्तीशौकीन आजही वाद घालतात.

आता चित्र बरंच बदललंय. निवडक खेळाडूंना सरकारी योजनेतून परदेशात सराव मिळतो, सोबत प्रशिक्षक आणि फिजिओ जातात, तालमींमध्ये मॅट आल्या आहेत. खाशाबांचा पहिला गट, ५२ किलोचा, ऑलिंपिकमधून कधीच गेला. पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये सगळ्यात खालचा गट आता ५७ किलोचाच आहे. याच गटात रवी दहियाने टोकियोत सिल्व्हर आणि अमनने पॅरिसमध्ये ब्रॉन्झ जिंकलं.

म्हणजे आज कराड-कोल्हापूरकडच्या एखाद्या तालमीत ५२ किलोचा चपळ पोरगा असेल आणि त्याला ऑलिंपिक गाठायचं असेल, तर त्यालाही खाशाबांसारखंच पाच किलो चढून ५७ च्या गटात यावं लागेल. त्यासाठी त्याच्या प्राचार्यांना घर गहाण ठेवायची वेळ येऊ नये, एवढं बघणं आपल्या हातात आहे.